सात दिवस की तीस दिवस: इष्टांक ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, नियोजन विभाग,
मा. सचिव, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
मा. संचालक, अर्थ व सांख्यिकी संचालनालय,
महाराष्ट्र शासन

विषय: उपभोग खर्च सर्वेक्षणाच्या राज्य नमुन्यात जुन्या व नव्या पद्धतीची जोडचाचणी घेण्याबाबत आणि शिधापत्रिकांचा इष्टांक ठरवण्याची रीत जाहीर करण्याबाबत

महोदय / महोदया,

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात जास्तीत जास्त 700.16 लाख लोकांना धान्य मिळू शकते. ही कमाल संख्या म्हणजेच इष्टांक. तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत ‘इष्टांक संपला’ असे उत्तर मिळते, ते या आकड्यामुळे. त्याची फोड सोपी आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे 6.16 कोटी होती, तिचे 76.32 टक्के म्हणजे सुमारे 4.70 कोटी. शहरी लोकसंख्या सुमारे 5.08 कोटी होती, तिचे 45.34 टक्के म्हणजे सुमारे 2.30 कोटी. बेरीज सात कोटी. लोकसंख्या जनगणनेतून आली हे सर्वांना ठाऊक आहे. 76.32 आणि 45.34 कुठून आले, हे मात्र कार्डासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही.

कायद्याने देशासाठी ग्रामीण भागात 75 आणि शहरी भागात 50 टक्के अशी मर्यादा घातली आणि राज्यवार टक्केवारी ठरवण्याचे काम कलम 9 ने केंद्राकडे सोपवले. ती टक्केवारी नियोजन आयोगाने 2011-12 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणावरून काढली. म्हणजे एखाद्या घराच्या ओसरीवर बसून अन्वेषकाने खर्चाचा प्रश्न कसा विचारला, किती दिवसांचा विचारला, घर बंद असेल तर शेजारचे घर घेतले की नाही, या सगळ्याचा शेवट रेशन दुकानाच्या यादीत झाला. 2027 च्या जनगणनेनंतर हा हिशेब नव्याने मांडावा लागेल. त्या वेळी कोणत्या सर्वेक्षणाचे आकडे धरायचे आणि ते आकडे कोणत्या पद्धतीने गोळा झालेले असतील, हे आज ठरत आहे. म्हणून हे पत्र आज लिहीत आहोत.

प्रश्नाची मुदत, म्हणजे मागच्या किती दिवसांचा खर्च विचारायचा, हा किरकोळ तपशील नाही, हे या देशातल्या संख्याशास्त्रज्ञांना फार लवकर उमगले होते. 1952 साली पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी घेतली. काही घरांना आठवड्याचा खर्च विचारला, काहींना महिन्याचा, आणि काहींकडे धान्य प्रत्यक्ष तोलून पाहिले. तांदूळ, साखर, मीठ अशा वस्तूंबाबत महिन्याची आठवण तोललेल्या वजनाच्या जवळ निघाली. आठवड्याची फुगलेली होती. खर्चाची ही सर्वेक्षणे घेणाऱ्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने तीस दिवसांची मुदत धरली ती त्यानंतर, आणि ती चार दशके टिकली.

त्याच तीस दिवसांच्या आकड्यांवर पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी रोज 2,250 उष्मांक मिळावेत, हे माप. 1960-61 च्या किमतींनी त्यासाठी खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागत. इतकाही खर्च न झेपणारे लोक खेड्यांत सुमारे 40 टक्के आणि शहरांत सुमारे 50 टक्के निघाले. उपाय म्हणून त्यांनी ग्रामीण कामांचा मोठा कार्यक्रम सुचवला. महाराष्ट्राची रोजगार हमी 1972 च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून आणि रस्त्यावरच्या मोर्चांतून उभी राहिली, आणि 1977 च्या कायद्याने तिला बळ मिळाले. ती कुणा एका अभ्यासाची देणगी नव्हे. तरीही गरिबीला रुपयांत रेषा लावता येते, तिच्या अंदाजावर सरकारकडे कामाचा कार्यक्रम मागता येतो, ही भाषा अशा अभ्यासांनी दिली. (दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने 1984 साली राज्यातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांचा विकासाचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपयांचा काढला. तिथेही जिल्हा हे एकक धरायचे आणि राज्याची सरासरी हे माप मानायचे, या दोन पद्धतशास्त्रीय निर्णयांवर पुढची कितीतरी वर्षे निधीचे राजकारण चालले.)

आता जिथे चूक झाली, तिथे येतो. 1994 ते 1998 या काळात 51 ते 54 या फेऱ्यांत सर्वेक्षणाने दोन अनुसूची, म्हणजे खर्चाच्या दोन प्रश्नावल्या, तयार केल्या. एकीत सर्व वस्तूंना तीस दिवसांची मुदत. दुसरीत अन्नपदार्थांना सात दिवस, काही वस्तूंना तीस आणि कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांना 365 दिवस. कोणत्या घराला कोणती अनुसूची, हे सोडतीने ठरले. दुसऱ्या अनुसूचीत खर्च इतका जास्त आला की मोजलेली गरिबी जवळपास निम्म्यावर उतरली. सुमारे 20 कोटी माणसे रेषेच्या वर गेली, आणि त्यांच्या ताटात एक घासही वाढला नव्हता.

हे का होते, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण याचे भान बैठकांमध्ये राहत नाही.

मुदत लांबली की माणूस विसरतो. तीन आठवड्यांपूर्वी आणलेली कोथिंबीर आणि चहाबरोबरची खारी कुणालाच आठवत नाही. मुदत आखूड केली की उलटी चूक होते: नऊ दिवसांपूर्वी आणलेले तेलही ‘याच आठवड्यातले’ म्हणून आत ओढले जाते, आणि ती चूक पुढे चारपट होऊन महिन्याच्या आकड्यात जाते. कोणती चूक मोठी, हे वस्तूनुसार बदलते. रोज थोडे थोडे विकत घेणाऱ्या मजुराच्या घरी आठवडा बरा पडतो. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या नोकरदाराच्या घरी महिना बरा.

कपड्यांचा प्रकार आणखी वेगळा. गरीब घरात बहुतेक महिन्यांत कपडे घेतलेच जात नाहीत. दिवाळीला किंवा लग्नसराईत घेतले जातात. तीस दिवसांची मुदत धरली तर अशा बहुसंख्य घरांपुढे शून्य लागते आणि थोड्या घरांपुढे भली मोठी रक्कम. 365 दिवस धरले की त्या वस्तूचा सरासरी खर्च घटतो, पण तळाच्या घरांचा खर्च वाढतो, कारण शून्याच्या जागी काहीतरी येते. गरिबी तळाशी मोजली जाते. म्हणून सरासरी उतरली आणि गरिबीही उतरली, असे दोन्ही एकाच वेळी घडू शकते. केवळ सरासरी पाहून निष्कर्ष काढणाऱ्याला हे दिसणारच नाही.

1999-2000 च्या 55 व्या फेरीत तडजोड म्हणून अन्नपदार्थांसाठी दोन्ही मुदती एकाच घराला, एकाच पानावरच्या शेजारशेजारच्या रकान्यांत विचारल्या गेल्या. सात दिवसांत दोन किलो साखर सांगितल्यावर तीस दिवसांत चार किलो सांगताना माणूस अडखळतो. अन्वेषकही विसंगती टाळायला पाहतो. दोन्ही उत्तरे एकमेकांकडे सरकली. तीस दिवसांचा आकडा वाढला आणि सरकारी गरिबी 1993-94 मधल्या 36 टक्क्यांवरून 26.1 टक्क्यांवर आली. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी त्यावर दुरुस्ती शोधली. इंधनासारख्या ज्या वस्तूंचा प्रश्न दोन्ही वेळी तीस दिवसांचाच होता, त्यांचा खर्च घेऊन त्या खर्चाच्या घरांत पूर्वी गरीब किती असत, यावरून त्यांनी अंदाज बांधला. ग्रामीण गरिबी 27 च्या ऐवजी सुमारे 30.2 टक्के निघाली. वाद कित्येक वर्षे चालला.

तोवर धोरण थांबले नव्हते. 2002 च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंब गणनेत ग्रामीण घरांना 13 निकषांवर प्रत्येकी 0 ते 4 असे एकूण 52 पैकी गुण दिले गेले: जमीन किती, घर कसले, अंगावरचे कपडे किती, दिवसातून किती वेळा जेवण, शौचालय, कर्ज, स्थलांतर. गुण गावात मोजले गेले. यादीत किती घरे बसवायची याची राज्यनिहाय मर्यादा मात्र वरून आली आणि तिला आधार होता नियोजन आयोगाच्या 1999-2000 च्या गरिबीच्या अंदाजाचा, म्हणजे याच 55 व्या फेरीचा. ज्या गावात गरीब जास्त होते तिथे गुणांची रेषा खाली ओढून संख्या बसवली गेली. शेजारच्या दोन रकान्यांतली गडबड अशी गावोगावच्या दारिद्र्यरेषेखालील याद्यांपर्यंत पोचली.

यातून एक चांगली पद्धतही पडली होती. 2009-10 आणि 2011-12 मध्ये वेगवेगळ्या मुदतींच्या अनुसूची वेगवेगळ्या घरांत भरून घेतल्या गेल्या. त्यामुळे 2011-12 साठी एकाच वर्षाचे आणि एकाच देशाचे आकडे तीन प्रकारे मिळतात. ग्रामीण दरडोई मासिक खर्च सरसकट तीस दिवसांच्या मुदतीने 1,279 रुपये. फक्त कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांना 365 दिवस धरले तर 1,287 रुपये. त्यात तेल, अंडी, मासे, मटण, भाज्या, फळे, मसाले यांना सात दिवस धरले तर 1,430 रुपये. शेवटच्या दोहोंतला फरक सुमारे 11 टक्के आहे. दारिद्र्यरेषा ठरवण्याची रीत सुचवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 ची गरिबी 21.9 टक्के काढली ती मधल्या प्रकारच्या आकड्यांवर. ती रेषा तिसऱ्या प्रकारच्या आकड्यांवर ठेवली तर गरिबी आपोआप कमी दिसणार. नव्या सर्वेक्षणांत फक्त तिसरा प्रकार उरला आहे, आणि तरी जुनी रेषा महागाईने वाढवून त्यावर ठेवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

2022-23 च्या सर्वेक्षणाने याहून मोठे बदल केले. ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 या काळात देशभरात 2,61,746 घरे पाहिली गेली. पूर्वी एकाच भेटीत 347 वस्तूंची अनुसूची भरली जाई. आता 405 वस्तू आहेत आणि त्या तीन प्रश्नावल्यांत वाटल्या आहेत: अन्न, नेहमीच्या वापराच्या वस्तू व सेवा, टिकाऊ वस्तू. तीन महिन्यांत तीन भेटी, प्रत्येक भेटीत एक प्रश्नावली, आणि नोंद टॅबलेटवर. हे बदल आम्हाला चुकीचे वाटत नाहीत. दोन-अडीच तासांच्या एका बैठकीत शेवटच्या पानापर्यंत उत्तर देणाराही थकतो आणि विचारणाराही. थकलेला माणूस ‘नाही’ म्हणून सुटका करून घेतो. तीन भेटींत जास्त खर्च नोंदला जातो आणि तो बहुधा जास्त खरा असतो. आमची तक्रार एकच आहे: जुन्या पद्धतीची समांतर चाचणी या वेळी घेतली गेली नाही. ग्रामीण दरडोई खर्च 1,430 वरून 3,773 रुपये आणि शहरी 2,630 वरून 6,459 रुपये झाला. त्यातला किती भाग महागाईचा, किती खऱ्या वाढीचा आणि किती तीन भेटींचा, हे वेगळे काढायला धागाच ठेवलेला नाही.

कुणी म्हणेल, सगळ्या राज्यांना एकच पद्धत लावली आहे, मग राज्यांच्या वाटपात काय फरक पडतो? पडतो, कारण पद्धत एक असली तरी तिची चूक सगळीकडे सारखी पडत नाही. महाराष्ट्रापुरते पाहू.

तीन महिन्यांत तीन भेटी द्यायच्या तर कुटुंब तीन महिने त्याच घरात असावे लागते. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतली ऊसतोड कामगारांची घरे दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर निघतात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे कोयत्याला गेले की घरी म्हातारी माणसे आणि कधी शाळेतली पोरे उरतात. अशा घरी पहिली भेट ऑक्टोबरात झाली, तर पुढच्या दोन भेटींत ‘घर बंद’ किंवा ‘सदस्य बदलले’ अशी नोंद होते. बदली घर घेतले तर ते गावात राहणारे, म्हणजे बहुधा थोडे बऱ्या स्थितीतले मिळते. तिकडे कारखान्याच्या तळावर, उसाच्या फडाजवळ पालात राहणारे तेच कुटुंब शहरी खंडाच्या (सर्वेक्षणासाठी पाडलेल्या शहरातल्या भागाच्या) किंवा गावाच्या घरयादीत येत नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या पालघर-रायगडच्या कातकरी कुटुंबांचेही तसेच. गरिबातला गरीब अशा रीतीने दोन्हीकडून निसटतो, आणि राज्याचा दरडोई खर्च कागदावर वाढतो.

दुसऱ्या टोकाला मुंबई-पुण्यातल्या मोठ्या सोसायट्या. पहारेकरी फाटकावर अडवतो, सचिव ‘लेखी पत्र आणा’ म्हणतो, आणि वरच्या मजल्यावरचे घर शेवटपर्यंत सापडत नाही. नव्या नमुन्यात खेड्यात जमिनीवरून आणि शहरात चारचाकीवरून घरांचे स्तर पाडले आहेत, त्यामुळे वरच्या गटातली घरे निवडली तरी जातात. पण निवड होणे वेगळे आणि उत्तर मिळणे वेगळे. न मिळालेल्या उत्तरांचे प्रमाण स्तरनिहाय जाहीर झाले नाही तर भार (नमुन्यातले एक घर किती घरांच्या वतीने मोजायचे तो आकडा) कसे बदलले हे बाहेरच्या कुणाला तपासता येत नाही.

मापांचाही प्रश्न आहे, आणि तो अन्वेषकाच्या हातातला आहे. खेड्यात ज्वारी अजूनही पायलीत सांगतात, तांदूळ शेरात, मेथी जुडीत आणि बाजारातले टोमॅटो वाट्याने. पायली सगळीकडे सारखी नसते. मेथीची जुडी श्रावणात असते तितकी वजनदार मे महिन्यात नसते. घरच्या शेतातले धान्य शेतावरच्या भावाने धरायचे हा नियम आहे. अन्वेषक घाईत बाजारभाव लावतो आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा खर्च फुगतो. तालुकानिहाय मापांचा तक्ता आणि दर तिमाहीला प्रत्यक्ष तोललेल्या जुड्या-वाट्यांची सरासरी टॅबलेटमध्ये भरून ठेवली, तर ही चूक बरीच कमी होईल. यासाठी प्रत्येक तालुक्यात एका बाजारदिवशी एक माणूस आणि एक काटा पुरेसा आहे.

उत्तर कोण देते, हेही पाहा. स्वयंपाकघरातला खर्च बाईला माहीत असतो, बाहेरचा चहा-वडापाव-तंबाखू पुरुषाला, आणि मोबाइलचा रिचार्ज पोराला. एकाच माणसाकडून सगळे भरून घेतले की कोणता तरी कप्पा रिकामा राहतो. तीन भेटींची खरी सोय हीच आहे की प्रत्येक भेटीला योग्य माणूस गाठता येतो. ती वापरली जावी.

आता फुकट धान्याचा मुद्दा. 1 जानेवारी 2023 पासून कायद्याखालचे धान्य मोफत आहे. ते खर्चात धरायचे की नाही? 2022-23 च्या अहवालात दोन्ही आकडे आहेत: न धरता ग्रामीण 3,773, धरून 3,860. लोक प्रत्यक्षात किती खातात-वापरतात हे पाहायचे असेल तर धरलेच पाहिजे. पण धान्य कुणाला द्यायचे हे ठरवताना त्याच धान्याची किंमत घराच्या खर्चात मिळवली, तर मदत मिळाल्यामुळेच घर मदतीला अपात्र ठरते. समजा, माणशी पाच किलो धान्य 25 रुपये किलोने धरले, तर पाच जणांच्या घरात महिना 625 रुपये जमा होतात. रेषेच्या काठावरच्या घराला तेवढे पुरते. इष्टांकाच्या हिशेबात मोफत धान्य न धरलेला आकडाच वापरावा, आणि तसे लेखी ठरवावे, ही आमची स्पष्ट मागणी आहे.

इथवरचे बरेचसे निर्णय दिल्लीत होतात. पुढचा मुद्दा पूर्णपणे मुंबईतला आहे. इष्टांक खर्चाच्या सर्वेक्षणावरून येतो, पण त्यात कोणते घर बसवायचे हे कलम 10 नुसार राज्य ठरवते, आणि महाराष्ट्राने 2013 मध्ये प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे या धान्याला पात्र ठरणाऱ्या कुटुंबासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा घातली: ग्रामीण 44,000 आणि शहरी 59,000 रुपये. ही मर्यादा कुटुंबाची आहे. पाच जणांच्या ग्रामीण घरात 44,000 म्हणजे माणशी महिना 733 रुपये. चौघांच्या घरात 917. तेंडुलकर रीतीने महाराष्ट्राची 2011-12 ची ग्रामीण दारिद्र्यरेषा माणशी 967 रुपये होती आणि तिच्याखाली 24.22 टक्के ग्रामीण लोक होते. म्हणजे ज्या रकमेच्या खाली पाव हिस्साही लोक नव्हते, तिच्याहूनही कमी रकमेच्या मर्यादेत 76.32 टक्के लोक बसवायचे होते. उत्पन्न आणि खर्च एक नव्हेत हे मान्य. गरीब घराचा खर्च अनेकदा कर्जावर, म्हणजे उत्पन्नाहून जास्त असतो. तरीही पाव आणि पाऊण यातले अंतर तेवढ्याने भरत नाही.

याचा परिणाम सगळ्यांना परिचित आहे. इष्टांक भरायचा तर मर्यादेबाहेरच्या लोकांना मर्यादेच्या आत दाखवावे लागते, म्हणून तलाठ्याच्या अहवालावर आणि तहसीलदाराच्या दाखल्यावर 40,000, 42,000 असे आकडे उमटतात. मग कधीतरी पडताळणीची मोहीम निघते, आणि खरे उत्पन्न सांगणाऱ्याचे कार्ड जाते. 2022-23 मध्ये महाराष्ट्रातल्या शहरी भागात एका माणसाचा सरासरी मासिक खर्च 6,657 रुपये होता, वर्षाला जवळपास 80,000. त्याच शहरात अख्ख्या कुटुंबाने 59,000 मध्ये वर्ष काढले तर ते पात्र. अशा मर्यादेने गरीब ओळखता येत नाही. दाखला कुणाला मिळवता येतो, एवढेच कळते.

म्हणून राज्य शासनाकडे आमचे म्हणणे असे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात केंद्राच्या नमुन्याबरोबर राज्याचा जोडीचा नमुना असतो आणि तो अर्थ व सांख्यिकी संचालनालय राबवते. पुढच्या उपभोग खर्चाच्या फेरीत या राज्य नमुन्याला लागून एक जोडचाचणी घ्यावी. प्रत्येक निवडलेल्या गावात किंवा शहरी खंडात 18 घरे असतात, तसेच धरू. त्यातली 9 घरे नव्या पद्धतीने, तीन भेटींत. 9 घरे 2011-12 च्या पद्धतीने, एका भेटीत. कोणते घर कुठे, हे सोडतीने, आणि सोडत टॅबलेटने काढावी, अन्वेषकाने नव्हे. नाहीतर लांबची घरे एका भेटीत जातात. एकाच घराला दोन्ही पद्धती लावायच्या नाहीत. 55 व्या फेरीची चूक तीच होती.

किती घरे लागतील याचा ढोबळ हिशेब देतो. दरडोई खर्चाचे विचलन सरासरीच्या 60 टक्के धरू, दोन पद्धतींतला 8 टक्क्यांचा फरक 80 टक्के खात्रीने पकडायचा आहे असे धरू, आणि एका गावातली घरे एकमेकांसारखी असतात म्हणून नमुना दुप्पट करू. प्रत्येक पद्धतीला सुमारे 1,800 घरे लागतात. ग्रामीण आणि शहरी वेगळे हवेत, म्हणजे एकूण 7,200 घरे: 200 गावे आणि 200 शहरी खंड. एका ठिकाणी 27 अधिक 9 अशा 36 भेटी. सगळ्या मिळून 14,400. चार तिमाहींत प्रत्येकी 100 ठिकाणे वाटली तर सुगी, पावसाळा, दिवाळी आणि लग्नसराई सगळे त्यात येते. वर्ष पूर्ण न करता तीन महिन्यांत उरकले, तर आलेला फरक हंगामाचा की पद्धतीचा हे सांगता येणार नाही. मग ही चाचणी न घेतलेली बरी.

स्थलांतरित घरांसाठी वेगळी तरतूद हवी. ऊसतोडीच्या तालुक्यांत तिन्ही भेटी मे ते सप्टेंबर या काळात बसतील असे वेळापत्रक काही गावांना द्यावे. गाळप हंगामात कारखान्याच्या तळांची स्वतंत्र यादी साखर आयुक्तालयाच्या मदतीने करून तिथून नमुना घ्यावा, आणि कुटुंब दोन्हीकडे मोजले जाऊ नये म्हणून मूळ गाव नोंदवावे. बंद घराच्या बदली घर घेतले तर कारणासह नोंद व्हावी, आणि बदलीचे प्रमाण जिल्हानिहाय छापावे.

अहवालासोबत वैयक्तिक ओळख काढलेली घरनिहाय आकडेवारी, भार, प्रमाण त्रुटी आणि अनुसूचीचा पूर्ण मराठी मजकूर प्रसिद्ध व्हावा. अन्वेषकाने प्रत्यक्ष विचारायचा प्रश्न मराठीत नेमका काय आहे, हे पाहिल्याशिवाय उत्तराचा अर्थ लावता येत नाही. ‘घरात’ खाल्ले की ‘घरच्यांनी’ खाल्ले, या दोन शब्दांत शाळेतला पोषण आहार आणि मालकाकडचे जेवण आत येते किंवा बाहेर राहते.

उत्पन्नाच्या मर्यादेबाबत, ती वाढवा असे आम्ही म्हणत नाही. तिच्या जागी डोळ्यांनी तपासता येतील असे वगळण्याचे निकष आणा. चारचाकी, ठरावीक मर्यादेपुढची बागायती जमीन, आयकर, कायम सरकारी नोकरी, मोठे पक्के घर, असे पाच-सहा निकष पुरेत. ज्यांना यातले काही लागू होत नाही, ते पात्र. निकष ठरवण्याआधी ते 2022-23 च्या घरनिहाय आकडेवारीवर चालवून पाहता येतात: किती टक्के लोक आत येतात, तळाच्या पाचव्या हिश्शातले किती बाहेर राहतात, हे एका संगणकावर एका आठवड्यात कळेल. तळातले बाहेर राहण्याचे प्रमाण जास्त निघाले तर निकष बदला, पुन्हा चालवा. ग्रामसभेत यादी वाचून दाखवण्यापूर्वी हे झालेले असावे.

शेवटी केंद्राशी बोलताना. नव्या इष्टांकाची चर्चा सुरू होईल तेव्हा राज्याच्या हातात जोडचाचणीचा आकडा असेल, तर ‘महाराष्ट्राचा खर्च वाढला, म्हणून टक्केवारी घटवा’ या म्हणण्याला उत्तर देता येईल: त्यातला इतका भाग पद्धतीचा आहे, आणि इतकी घरे मोजणीतच आलेली नाहीत. तो आकडा नसेल तर जे येईल ते स्वीकारावे लागेल. चाचणीची आखणी, प्रश्नावलीचे मराठीकरण आणि अन्वेषकांचे प्रशिक्षण यांना मिळून किमान सहा महिने लागतात. फेरीची तारीख जाहीर झाल्यावर काम सुरू केले तर ते जमणार नाही. या आर्थिक वर्षातच संचालनालयाने एक छोटा कार्यगट नेमावा आणि त्यात पुरवठा विभागाचा माणूस असावा. आखणी, नमुन्याचा हिशेब आणि प्रशिक्षणाचे साहित्य तपासून द्यायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

आपले,
नमुना सर्वेक्षण आणि सामाजिक संशोधनाच्या क्षेत्रात काम करणारे काही अभ्यासक